बखर आणि दफ्तर : घरगुती व्हिडिओ गेमच्या आरंभकाळाची प्रस्तावना

इतिहासाची साधने पारखून घेण्याची सवय मराठी वाचकाला जुनी आहे. बखरीतला घोडा बुरुजावरून उडी घेतो आणि दफ्तरात त्याच घोड्याच्या चंदीचा हिशेब निघतो. या दोहोंपैकी कोणावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न राजवाडे-खरे यांच्या पिढीने इतक्या हिरिरीने घोळवला, की अस्सल कागद आणि मागाहून सजवलेली हकीकत यांतले अंतर ओळखणे हा आपल्याकडे इतिहासाच्या साध्या वाचकाचाही धर्म होऊन बसला. हीच पारख, दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडून खेळावयाच्या एका प्लॅस्टिकच्या पेटीच्या बाबतीत करावी लागेल, असे मात्र त्या पिढीतल्या कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आणि तरीही, घरगुती व्हिडिओ गेमचा आरंभ कोणी केला, कधी केला आणि कोणाचे पाहून केला, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे आपण त्याच ओळखीच्या जागी येऊन उभे राहतो: एका हाताला रंगतदार, पुन्हापुन्हा सांगितली गेलेली आणि सांगणाऱ्यागणिक वाढत गेलेली बखर, आणि दुसऱ्या हाताला तारखा, सह्या, साक्षीदारांची नावे आणि विजेच्या जोडण्यांचे आराखडे यांनी भरलेले रूक्ष दफ्तर.

खेळण्यांच्या इतिहासाला कागदपत्रांचे असे पाठबळ क्वचितच लाभते. भोवरा पहिल्याने कोणी फिरवला आणि सोंगट्या कोणी मांडल्या, हे सांगावयास कोणी उरलेले नाही, आणि ज्यांनी ते केले त्यांना ते लिहून ठेवण्याची गरजही वाटली नसावी. व्हिडिओ गेमची गोष्ट वेगळी पडली, कारण त्यात पैसा आहे हे दिसताच मालकीचा तंटा उभा राहिला, तंटा कोर्टात गेला, आणि कोर्टाने ज्याला त्याला आपापले कागद हजर करावयास लावले. वादी-प्रतिवादींच्या शपथेवरच्या जबान्या, प्रयोगशाळेतल्या वह्या, एका प्रदर्शनातल्या पाहुण्यांच्या नोंदवहीतली एक सही, हे सारे आज अभ्यासकाच्या हाती आहे ते वकिलांच्या कृपेने. इतिहासकाराने वकिलांचे ऋण मान्य करावे असे प्रसंग थोडे, आणि त्यांतला हा एक.

क्षेत्राची हद्द प्रथम आखून घेणे बरे, कारण या विषयातले निम्मे वाद हद्दीवरूनच माजलेले आहेत. १९५८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत, पाहुण्यांसाठी दारे उघडी असण्याच्या दिवशी येणाऱ्या लोकांना नुसती स्थिर यंत्रे पाहून कंटाळा येऊ नये, म्हणून विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञांनी ऑसिलोस्कोपच्या पाच इंची वाटोळ्या काचेवर टेनिसचा खेळ मांडला. लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामात इलेक्ट्रॉनिक्सचा भाग सांभाळलेले आणि पुढे अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध झटलेले हे गृहस्थ. लोकांनी आपल्याला या टेनिसपायी ओळखावे याची त्यांना हौस नव्हती, आणि त्याचे पेटंट घ्यावे असेही त्यांच्या मनात आले नाही. लोकांनी रांगा लावल्या, खेळ दुसऱ्या वर्षीही दाखवला गेला, आणि मग यंत्र सुटे करून त्याचे भाग दुसऱ्या कामास लावण्यात आले. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या विख्यात संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ रचला. तो अप्रतिम होता, परंतु तो खेळावयास पीडीपी-१ हा संगणक लागे आणि त्याची किंमत १,२०,००० डॉलर होती. या दोन्ही खेळांना पूर्वजांचा मान देण्यास कोणाची ना नसावी. घरगुती गेमची वंशावळ मात्र त्यांच्यापासून सुरू होत नाही, कारण या प्रकाराचे मर्म खेळात नाही, तो ज्या काचेवर खेळला जातो त्या काचेत आहे. कुटुंबाने आधीच विकत घेऊन बैठकीत ठेवलेला टीव्ही संच ही ती काच, आणि तिच्यावर प्रक्षेपण-केंद्राचा जो एकछत्री अंमल चालत होता त्यात घरातल्या माणसाला प्रथमच हात घालता येऊ लागला, ही या इतिहासातली खरी घटना.

तो हात ज्यांनी घातला त्या राल्फ बेअर यांचा जन्म १९२२ चा, जर्मनीतल्या एका ज्यू कुटुंबातला. ज्यू म्हणून शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा १९३८ मध्ये, नाझी जमावांनी ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनागृहे फोडली त्या नोव्हेंबरच्या रात्रीपूर्वी दोन-तीन महिने, घरच्यांबरोबर अमेरिकेस पोहोचला. न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात आठवड्याला बारा डॉलरांवर राबत असताना एक जाहिरात पाहून त्याने टपालाने रेडिओ-दुरुस्तीचा अभ्यासक्रम पुरा केला, युद्धात लष्कराची नोकरी बजावली, आणि १९४९ मध्ये शिकागोत टेलिव्हिजन-अभियांत्रिकीची पदवी मिळवली. ही पदवी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. व्हिडिओ गेम संगणकाच्या पोटी जन्मला अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती या एका पदवीने ढिली पडते. बेअर हे टीव्हीच्या विद्येत मुरलेले गृहस्थ होते, आणि त्यांनी जे केले ते संगणकाला लहान करून नव्हे, तर टीव्हीला थोडेसे फसवून केले.

१९५१ मध्ये लोरल नावाच्या कंपनीत एक उत्तम टीव्ही संच बनवण्याचे काम चालू असताना, त्यात एखादा खेळ घालावा असे आपण सुचवले होते आणि वरिष्ठांनी ते झटकून टाकले, असे बेअर पुढे सांगत. तसे झाले असेलही; परंतु त्याचा कागद नाही, म्हणून आम्ही ती हकीकत बखरीच्या खात्यात टाकतो. १९६६ ची गोष्ट निराळी. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये एका बस-स्थानकाबाहेर सहकाऱ्याची वाट पाहत असताना त्यांना जी कल्पना सुचली, ती त्यांनी तेथल्या तेथे टिपून घेतली आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावी आपल्या कचेरीत बसून तिचे चार पानांचे टिपण केले. त्यावर एका सहकारी अभियंत्याची, वाचल्याची साक्ष म्हणून, सही घेण्यास ते विसरले नाहीत. सुमारे पंचवीस डॉलरांत मिळणारी एक पेटी, ती टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडावयाची, आणि ज्या चॅनलवर कोणतेही केंद्र नाही अशा रिकाम्या चॅनलवर खेळ उमटवावयाचा, असा त्या टिपणाचा मथितार्थ. बेअर ज्या सँडर्स असोसिएट्समध्ये विभागप्रमुख होते ती लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक सामग्री बनवणारी कंपनी. तिच्या कागदावर खेळाचा प्रस्ताव मांडताना त्यांना संकोच वाटला असावा, कारण टिपणाचा आरंभ त्यांनी ‘चॅनल एलपी’ अशा लष्करी थाटाच्या संज्ञेने केला आहे, आणि ती अक्षरे ‘चला, खेळू या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत हा खुलासा पुढे येतो. सरकारी नोकरीत राहून कविता करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांना ही लपवाछपवी परिचयाची वाटेल.

संशोधन-विभागाचे प्रमुख हर्बर्ट कॅम्पमन यांनी २,५०० डॉलरांची मंजुरी दिली. एक लहानशी खोली मिळाली. तिच्या किल्ल्या मोजक्याच माणसांपाशी राहत. आणि तेथे बिल हॅरिसन या कुशल तंत्रज्ञांनी १९६७ च्या आरंभापासून एकामागून एक यंत्रे जुळवली. पहिल्या यंत्रात पडद्यावर दोन ठिपके होते, एक कोल्हा आणि दुसरा त्याच्या मागचा शिकारी कुत्रा, आणि कुत्र्याने कोल्ह्याला गाठले की कोल्हा नाहीसा होई. दुकानातून आणलेल्या खेळण्यातल्या बंदुकीत प्रकाश ओळखणारा घटक बसवून ठिपक्यावर नेम धरण्याचा खेळही तयार झाला, आणि कॅम्पमन यांना तो विशेष आवडला. पण एवढ्याने काम भागण्यासारखे नव्हते. दोन्ही ठिपके माणसांच्या हातचे असले म्हणजे पाठलाग फार तर पाच मिनिटे रंगतो. त्याच वर्षी येऊन मिळालेले अभियंते बिल रश यांनी तिसरा ठिपका सुचवला, जो कोणाही खेळाडूच्या ताब्यात नाही, ज्याला यंत्र चालवते आणि खेळाडूचा ठिपका लागताच जो दिशा बदलतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये या तिसऱ्या ठिपक्याचा पिंगपाँग झाला. पुढे कोर्टात ज्यावर सारी भिस्त राहिली तो मुद्दा हाच. आणि बेअर यांच्या नावाच्या प्रकाशात रश आणि हॅरिसन यांची नावे आज फिकी दिसतात, हा अन्याय दफ्तराने केलेला नाही, तो दफ्तर न वाचणाऱ्यांनी केला आहे.

सातवे यंत्र १९६८ मध्ये सिद्ध झाले. त्याची धातूची पेटी उघडीबोडकी दिसू नये म्हणून तिला लाकडाच्या शिरा छापलेला चिकटकागद लावला होता, आणि त्यावरून त्याचे नाव ‘तपकिरी पेटी’ असे पडले. ती पेटी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे. लष्करी कंपनी खेळणी विकणार नव्हती, तेव्हा टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांचे उंबरे झिजवणे आले. आरसीएशी बोलणी जुळत आली आणि फिसकटली. परंतु तेथे खेळ पाहून भारावलेला एक अधिकारी नोकरी बदलून मॅग्नाव्हॉक्समध्ये गेला आणि त्याने तेथे आग्रह धरला, म्हणून १९७१ मध्ये करारनामा होऊ शकला. मे १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्सने ‘ओडिसी’ हे यंत्र जाहीर केले आणि सप्टेंबरात ते दुकानांत ठेवले.

त्याची किंमत १०० डॉलर होती, म्हणजे टिपणातल्या अपेक्षेच्या चौपट, आणि बेअर यांना ती शेवटपर्यंत खुपली. ओडिसी जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आज आपण ज्याला व्हिडिओ गेम म्हणतो त्यातले जवळजवळ काहीच त्यात नव्हते. त्यात प्रोसेसर नाही, स्मृती नाही, आवाज नाही, रंग नाही, गुण मोजण्याची सोय नाही. सुमारे चाळीस ट्रान्झिस्टर आणि तितकेच डायोड यांच्या बळावर ते काळ्या पडद्यावर दोन पांढरे चौकोन, एक चेंडू आणि एक उभी रेघ उमटवी, आणि अँटेनाच्या जागी जोडलेली ही पेटी म्हणजे तीन किंवा चार क्रमांकाच्या चॅनलवरचे एखादे प्रक्षेपण-केंद्रच आहे असा त्या भोळ्या संचाचा समज करून देई. बाकीचे सारे खेळणाऱ्याने पुरवावयाचे. रंगीत चित्रे छापलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे खोक्यात येत, दोन मापांचे, ज्याचा जसा टीव्ही तसे; ते काचेच्या स्थिर विजेने काचेलाच चिकटत, आणि मग त्याच दोन चौकोनांचे कधी स्कीइंग होई, कधी भुताच्या घरातला शोध, कधी रूलेटचा पट. सोबत फासे, पत्ते, खोट्या नोटा. खेळ बदलण्यासाठी जी कार्डे खुपसावी लागत त्यांत कोणताही खेळ साठवलेला नव्हता; ती केवळ आतल्या तारांच्या जोडण्या बदलत. खेळाडूच्या हाती तीन चक्रे असत, वर-खाली, डावी-उजवी आणि एक चेंडूला वळण देणारे. म्हणजे चेंडू प्रतिपक्षाकडे निघाल्यावरही तो मध्येच वाकवता येई, आणि त्यामुळे भांडणे किती झाली असतील याची कल्पना मुले असलेल्या घरांनी करावी.

हे यंत्र ‘अपुरे’ म्हणून त्याची संभावना करण्याची चाल आहे. मला ती मान्य नाही. पत्ते आणि फासे यांची भर बेअर यांना मुळीच पसंत नव्हती, ती मॅग्नाव्हॉक्सच्या विक्रेत्यांची करामत; तरीही त्या कालच्या कुटुंबाला जमिनीवर बसून पट मांडण्याची जी रीत ठाऊक होती तिचे बोट धरूनच हा नवा खेळ घरात शिरला, यात विक्रेत्यांचे धोरण चुकले असे म्हणवत नाही. चुकले ते अन्यत्र. ओडिसी फक्त मॅग्नाव्हॉक्सच्या स्वतःच्या दुकानदारांकडे मिळे, आणि त्यामुळे ते मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालते अशी ग्राहकांची समजूत झाली. ती दूर करण्याची घाई दुकानदारांना नव्हती. १९७५ पर्यंत सुमारे साडेतीन लाख यंत्रे खपली. ज्या महिन्यात ओडिसी अमेरिकेतल्या दुकानांत मांडले गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईचे टीव्ही केंद्र सुरू झाले. तिकडे लोक पडद्यावरच्या केंद्राला कंटाळून त्याची जागा बळकावू पाहत होते, आणि इकडे आपण शेजाऱ्याच्या ओटीवर दाटीवाटीने बसून त्याच केंद्राची आराधना नुकती कुठे आरंभली होती.

येथून बखरीचा प्रांत लागतो, आणि तिचे नायक नोलन बुशनेल. उंच, हजरजबाबी, जत्रेतल्या खेळांच्या ठेल्यावर उमेदवारी केलेले हे गृहस्थ १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ हे नाण्यावर चालणारे यंत्र काढून बसले होते आणि ते बेताचेच चालले होते. २४ मे १९७२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम येथे मॅग्नाव्हॉक्सने ओडिसी दाखवण्यासाठी मांडले असता बुशनेल ते पाहावयास गेले, त्यांनी पिंगपाँग खेळून पाहिले, आणि नोंदवहीत सही केली. त्या सहीने पुढे त्यांचा घात केला. जूनच्या अखेरीस त्यांनी अटारी कंपनी स्थापली, आणि नव्याने ठेवलेले अभियंते अल अल्कॉर्न यांना सरावासाठी म्हणून पिंगपाँगचा एक खेळ जुळवावयास सांगितले. हे काम जनरल इलेक्ट्रिकच्या कंत्राटाचे आहे, ही त्या सांगण्यातली थाप. अल्कॉर्न यांनी सांगितले तेवढेच केले असते तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते. त्यांनी बॅटचे आठ भाग कल्पून प्रत्येक भागाला चेंडू वेगळ्या कोनात परतवावयास लावला; खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढू लागे असे केले; मंडलातल्या एका उणिवेमुळे बॅट पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे, ती उणीव त्यांनी तशीच ठेवली, कारण त्यामुळे चांगल्या खेळाडूंनाही हरण्याची जागा राहिली; आणि बुशनेल यांनी प्रेक्षकांचा जयजयकार मागितला तेव्हा, त्यासाठी जागा आणि पैसा नाही हे ओळखून, त्यांनी यंत्रात आधीच असलेल्या स्पंदनांतून तो प्रसिद्ध टिक-टॉक ध्वनी काढला. सनीव्हेलच्या एका मद्यगृहात ‘पाँग’चा पहिला नमुना ठेवला, काही दिवसांत तो बंद पडला, आणि उघडून पाहावे तो नाणी पडण्याचे भांडे काठोकाठ भरल्यामुळे यंत्र अडलेले, ही हकीकत बखरीतली असूनही खरी आहे.

मॅग्नाव्हॉक्सने १९७४ मध्ये अटारी आणि इतरांवर पेटंटभंगाचा दावा लावला. अटारीने १९७६ मध्ये तडजोड करून परवाना घेतला आणि ती मोकळी झाली. इतर प्रतिवादी लढत राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये शिकागोचे न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी मॅग्नाव्हॉक्सच्या बाजूने निकाल देताना बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामास या विद्येतले आद्यस्थान बहाल केले. १९८५ मध्ये निन्टेंडोने हिगिनबॉथम यांच्या टेनिसचा दाखला पुढे करून ही पेटंटे रद्द करवू पाहिली, तीही खटपट फसली. परवान्यांच्या शुल्कापोटी दोन दशकांत १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वसूल झाली. निकाल न्याय्य होता असेच माझे मत आहे. फक्त कोर्टापुढे प्रश्न मालकीचा होता, गोडीचा नव्हता, हे विसरता कामा नये. ओडिसीतला चेंडू चक्र फिरवून वाकवावा लागतो, पाँगमधला चेंडू आपण कसा मारला त्यावर वाकतो. पहिल्याची कल्पना बेअर-रश यांची, दुसऱ्यातले कौशल्य अल्कॉर्न यांचे, आणि जगाने जो खेळ उचलला तो दुसरा. हुकूमनामा एकाच्या नावे लिहिता येतो, एवढेच.

१९७५ च्या नाताळासाठी सिअर्स या बलाढ्य दुकानसाखळीने घरगुती पाँगची १,५०,००० यंत्रे अटारीकडून घेतली, आणि पुढल्या वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंटने, स्कॉटलंडमधल्या आपल्या शाखेत सिद्ध झालेली, सहा खेळ एकाच तुकड्यात सामावणारी चिप कोणालाही विकावयास काढली. मग काय, ज्याला डाग देता येतो तो गेम-कारखानदार. या गर्दीतल्या कोलेको कंपनीची, जी मुळात कातड्याचा व्यापार करणारी, एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तिच्या ‘टेलस्टार’ यंत्रातून रेडिओलहरींची गळती होते म्हणून सरकारी चाचणीत ते नापास झाले. मोसमाचा माल गोदामात पडून, आणि हाती दिवस थोडे. कोलेकोची माणसे धावत गेली ती सँडर्सकडे, म्हणजे ज्यांच्या पेटंटाचे शुल्क त्यांना भरावे लागत होते त्यांच्याच दारी, आणि बेअर यांनी जोडणीच्या तारेवर फेराइटचे कडे चढवून गळती थांबवली. टेलस्टार त्या वर्षी तडाखेबंद खपले. परंतु सर्वांपाशी एकच खेळ असल्यावर किंमत पडण्यावाचून दुसरे काय होणार? १९७७ अखेर हा माल पडेल भावाने निघू लागला.

बदल आला तो कॅसेटच्या रूपाने. खेळ यंत्रात कोरून न ठेवता सुट्या कॅसेटमध्ये द्यावा, ही युक्ती आल्पेक्स या लहान कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. तिला नोव्हेंबर १९७६ मध्ये ‘चॅनल एफ’च्या रूपाने बाजारात उतरवण्याचे काम फेअरचाइल्डमधले जेरी लॉसन आणि त्यांचे सहकारी यांनी केले. कॅसेट शेकडो वेळा घातली-काढली तरी आतली चिप स्थिर विजेच्या ठिणगीने जळू नये, ही अडचण कोणी आधी सोडवलेलीच नव्हती. त्यांनी ती सोडवली, आणि खेळ मध्येच थोपवून ठेवण्याचे बटणही याच यंत्रावर प्रथम आले. लॉसन हे त्या काळच्या सिलिकॉन व्हॅलीतल्या मोजक्या कृष्णवर्णीय अभियंत्यांपैकी एक. कोणत्याही गाजलेल्या मुकदम्यात ते वादी म्हणून उभे राहिले नाहीत, आणि त्यांच्या कामाचा जाहीर गौरव झाला तो २०११ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या महिन्यात. दफ्तरावर विसंबणाऱ्या इतिहासाचे वैगुण्य येथे उघडे पडते. ज्याने तंटा केला नाही त्याचे कागद कोणी मागितले नाहीत.

सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीने आपले कॅसेटचे यंत्र काढले, १९९ डॉलरांना, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याच्या सुमारे तीन कोटी प्रती गेल्या. त्याची कार्यस्मृती १२८ बाइट, म्हणजे साध्या पोस्टकार्डावरचा मजकूरही तीत मावणार नाही. पडद्याचे पूर्ण चित्र साठवून ठेवण्यास जागाच नसल्याने जे मायनर यांनी रचलेली चित्राची चिप एका वेळी पडद्याची केवळ एक ओळ जाणे, आणि टीव्हीच्या नळीतला किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ काढीपर्यंत प्रोसेसरला जे ७६ ठोके मिळत, तेवढ्यात पुढच्या क्षणी काय दिसावे हे प्रोग्रॅमरने ठरवून सांगावे लागे. एक ठोका चुकला की चित्र विसकटले. ज्यांनी हे यंत्र रचले त्यांच्या डोळ्यांपुढे पाँग आणि रणगाड्यांची झुंज एवढेच होते, आणि तरीही त्याच चौकटीत पुढे अरण्ये, किल्ले आणि सर्वांगी हलणारी माणसे उभी राहिली, ती या ठोक्यांची कंजूषपणे केलेली वाटणी साधणाऱ्या मूठभर प्रोग्रॅमरांमुळे. कंपनी मात्र त्यांची नावे खोक्यावर छापीत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या खेळात, पार्श्वभूमीच्याच रंगाचा अवघ्या एका बिंदूएवढा ठिपका उचलून नेल्यावाचून न उघडणारी एक खोली दडवली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले, वरिष्ठांना कळू न देता. सॉल्ट लेक सिटीतल्या एका मुलाने ते हुडकून कंपनीला पत्र धाडले, तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेले होते. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, आणखी चौघांनी श्रेय आणि पैसा या दोन्हींसाठी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन स्थापली, आणि खेळ करणारा आणि यंत्र करणारा हे दोन निराळे धंदे झाले.

याच्या पुढचा भाग, म्हणजे १९८३ ची पडझड आणि न्यू मेक्सिकोच्या कचराडेपोत पुरलेल्या कॅसेटी, इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला आहे की त्यावर येथे शाई खर्च करणार नाही. १५ जुलै १९८३ रोजी जपानात निन्टेंडोचे फॅमिकॉम विक्रीस आले. ती तारीख ही आमची शीव. महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांची या विषयाशी ओळख शिवेच्या पलीकडून झालेली असते, कारण नव्वदीच्या दशकात परीक्षा संपल्यावर हट्ट करून आणलेला, ‘टीव्ही गेम’ या नावाने मिळणारा तो संच बहुधा याच फॅमिकॉमची नक्कल असे, आणि त्याच्या कॅसेटवर लिहिलेला खेळांचा लक्षावधींचा आकडा उघडून पाहता दहा-वीस खेळांवर येऊन थांबे. मारिओ आणि कॉन्ट्रा यांच्यापासून इतिहास मोजणाऱ्या अशा वाचकाला मागे नेणे, एवढाच या प्रस्तावनेचा मतलब.

बेअर आणि बुशनेल यांपैकी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला चोर ठरवण्याचा जो रिवाज आहे, त्याविषयी मात्र एक नोंद करून ठेवतो. १९७४ मध्ये अटारीने ‘टच मी’ नावाचे नाण्याचे यंत्र काढले होते. त्यावरचे दिवे ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने खेळाडूने बटणे दाबावयाची. ते फारसे चालले नाही. १९७६ मध्ये शिकागोच्या एका व्यापारी प्रदर्शनात ते बेअर यांच्या पाहण्यात आले, कल्पना चांगली पण आवाज कर्कश असे त्यांचे मत पडले, आणि हॉवर्ड मॉरिसन यांच्या सहकार्याने त्यांनी तीच कल्पना बिगुलाचे चार सुरेल स्वर आणि चार रंगांच्या पाकळ्या देऊन नव्याने घडवली. मिल्टन ब्रॅडलीने ती १९७८ मध्ये ‘सायमन’ या नावाने विकली आणि तिला अमाप यश आले. त्याच वर्षी अटारीनेही आपला मूळचा ‘टच मी’ हातात मावेल एवढा करून दुकानांत ठेवला, आणि तो पाहणाऱ्याला ती सायमनची नक्कल वाटली असल्यास त्याला दोष देता येणार नाही.